आईनं काशीत काय सोडलं

तुमच्या घरात सकाळचा पहिला चहा कोण करतं, आणि तो त्याच माणसानं करायचा हे कुठल्या बैठकीत ठरलं होतं?

मी बैठक म्हणते, कारण आमच्या घरात सगळं बैठकीतच ठरायचं. बाबा शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटली की चळवळीत. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, दारूच्या दुकानाविरुद्ध पत्रकं निघायची आणि त्यांचे गठ्ठे आमच्या कॉटखाली असायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'निषेध' मला 'बदक'च्या आधी वाचता आलं. आई त्या पत्रकांच्या घड्या घालायची, आणि बैठकीला माणसं आली की चहा ठेवायची. एखादा पाहुणा म्हणायचा, "वहिनी, कशाला त्रास घेता." त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर असायचं, "असू द्या हो, हिला आवड आहे चहा करायची." बाबा खोटं बोलत नाहीत, ही पंचक्रोशीत सिद्ध झालेली गोष्ट होती. त्यामुळे आईला ती आवड आहे हेही सिद्ध झालं.

बँकेतल्या नोकरीमुळे मी बनारसला आले. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. एप्रिलात आईबाबा मला भेटायला आले, आणि मी त्यांना शहर दाखवायला काढलं.

एप्रिलात बनारस दाखवणं ही शिक्षा आहे, दाखवणाऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही. पहिल्या दिवशी सारनाथ. ऊन इतकं की बाबांनी स्तूपाला घालायची प्रदक्षिणा अर्ध्यावर सोडली आणि सावलीला उभं राहून समतेवर बोलले. दुसऱ्या दिवशी विद्यापीठ, मग विणकरांची वस्ती, मग गोदौलिया चौकातली गर्दी. तिथे ई-रिक्षा इतका वेळ अडकली की उतरून चालणं बरं वाटलं, आणि उतरल्यावर रिक्षात बसणं बरं होतं असं वाटलं. बाबा प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत. दशाश्वमेध घाटावर त्यांनी मराठा सरदारांनी घाट बांधल्याचा इतिहास सांगितला आणि शेवटी म्हणाले, "पण पैसा कुणाचा? रयतेचा." मी पुढचा मुद्दा जोडला, बाबांनी त्यापुढचा. आमचं दोघांचं असं छान चालतं. आई मागे राहायची. मागे वळून बघावं तर ती कुठल्यातरी पायरीवर, ओट्यावर, बंद दुकानाच्या फळीवर बसलेली. तिचे गुडघे गेलेत. ती तसं म्हणायची नाही. "तुम्ही व्हा पुढे, मी बघते इथनं," म्हणायची.

घरी आलो की आम्ही दोघं पंख्याखाली फरशीवर आडवे. बाबा डोळे मिटून म्हणायचे, "जरा चहा टाकतेस का गं?" मी म्हणायचे, "आई, बस तू, मी करते." आणि आई उठता उठता म्हणायची, "राहू दे, तुला सापडायचं नाही." माझ्याच स्वयंपाकघरात मला सापडायचं नाही, हे खरं होतं. आल्या दिवशीच तिनं माझे सगळे डबे पुसून आपल्या पद्धतीनं लावून टाकले होते.

त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाचा बेत सांगत होते. रामनगरचा किल्ला, मग मुन्शी घाटावरून होडी. आई तळपायाला तेल चोळत होती. ती म्हणाली, "मला उद्या काही बघायचं नाही. मला एकच करायचंय. काशीत आलं की काहीतरी सोडून जातात, ते."

ज्यांच्या घरी हे नसेल त्यांच्यासाठी सांगते. काशीयात्रेला आलेलं माणूस आपल्या आवडीचं एखादं फळ, भाजी, पदार्थ गंगेच्या साक्षीनं सोडतं. पुढे जन्मभर त्याला हात लावायचा नाही. आमच्याकडच्या पत्रकांत या प्रथेला दोन ओळी होत्या आणि त्यांत चांगलं काही नव्हतं.

"आई, तूसुद्धा?" मी म्हणाले.

"सुद्धा म्हणजे काय गं? मी कधी तुमच्यात होते?"

बाबा उठून बसले. "लोक काय सोडतात माहितीये ना? कारलं. न आवडणारं सोडायचं आणि पुण्य घ्यायचं. सगळा दांभिकपणा."

"मी आवडीचंच सोडेन," आई म्हणाली. "कोण काय सोडतं त्याच्याशी मला काय करायचंय?"

आम्ही तिला तासभर समजावलं असेल. बाबांनी तर्क वापरला, मी राग वापरला. मी म्हणाले, "ज्या प्रथेविरुद्ध आपण आयुष्यभर लिहिलं, तिच्यासाठी तू घाट उतरणार?" ती तेलाची बाटली बंद करत म्हणाली, "लिहिलं तुम्ही. मी घड्या घातल्या." मग तिनं आम्हाला विचारलं, "या सगळ्या फिरण्यात मी एक गोष्ट मागितली. ती देणार की नाही, एवढंच सांगा." तिचा आवाज चढला नव्हता, दमलेला होता. शेवटी बाबा म्हणाले, तत्त्वाचाच प्रश्न असेल तर प्रत्येकाला आपल्या श्रद्धेचं स्वातंत्र्य आहे. ते बरोबर येतील, पण हात जोडणार नाहीत.

सकाळी आम्ही ब्रह्मा घाट उतरलो. उतरायला वेळ लागला. आई एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होती आणि बाबा, हात जोडणार नसले तरी, हात देत होते. खाली छत्रीखाली एक गुरुजी बसले होते. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातले, म्हणून मी त्यांना गाठलं होतं.

"या माई, बसा. धूप फार आहे आज," ते म्हणाले. "गोत्र काय आपलं?"

"गोत्र आम्ही मानत नाही," बाबा म्हणाले.

"काही हरकत नाही. ज्याला माहीत नाही त्याचं काश्यप." त्यांना असे पुष्कळ भेटलेले असावेत. "काय सोडणार माई? आंबा सोडू नका, मोसम येतोय. नंतर फार पछतावा होतो. लोक बहुतेक करून कारलंच सोडतात."

बाबांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं.

आईच्या ओंजळीत पाणी होतं, त्यात तांदळाचे चार दाणे. ती म्हणाली, "चहा."

"अरे वा. कठीण आहे, पण छान आहे. आजपासून चाय पिणार नाही, म्हणा."

"पिणार आहे. करणं सोडतेय."

गुरुजी थांबले. "करणं म्हणजे?"

"चहा करणं. कुणासाठीच करायचा नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही."

"पण माई, सोडायची ती आवडीची चीज असते. फल, सब्जी. हे तर काम झालं. काम थोडंच कुणाच्या आवडीचं असतं?"

आईनं ओंजळ तशीच धरून मान वळवली. "माझ्या फार आवडीचं आहे. यांना विचारा. हे खोटं बोलत नाहीत."

गुरुजींनी बाबांकडे पाहिलं. मी पाहिलं. शेजारी कपडे पिळणाऱ्या बाईनंसुद्धा पाहिलं. बाबा नदीकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "हो. मी नेहमी तसंच सांगत आलोय."

"मग ठीक," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी संकल्प सांगायला घेतला. आईनं पाणी सोडलं. ओले हात पदराला पुसले आणि तिथेच, पाण्याजवळच्या पायरीवर, बसून राहिली. कुणी तिला इतिहास सांगितला नाही. ऊन वर येईपर्यंत आम्ही तिघं नुसते बसलो होतो. त्या सगळ्या दिवसांत आम्ही एकत्र पाहिलेली जागा ती एवढीच.

घरी आल्यावर तिघंही फरशीवर पडलो. पंखा फिरत होता. बराच वेळ कुणी हललं नाही. बाबांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी डोळे मिटून घेतले, मला बघायचं होतं काय होतं ते. मग ते उठले. आतून भांडी पडल्याचे आवाज आले. थोड्या वेळानं हाक आली, "अगं, साखर कुठे आहे?"

आई छताकडे बघत म्हणाली, "सांगणं पण त्यातच आलं."

साखर त्यांना तूरडाळीच्या मागे सापडली. तोवर दूध उतू गेलं होतं. चहा पाणचट होता आणि त्यात चहापत्तीचा गाळ होता. आईनं तो सगळा प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "थोडा आहे का अजून?"

आता ते गावी परत गेलेत. परवा फोनवर मागे बैठकीचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी वहिनींच्या चहाची आठवण काढली, आणि बाबांचा आवाज आला, "ही चहा करणं काशीला सोडून आलीय. बसा, मी ठेवतो." गंगेत सोडलेल्या गोष्टीपुढे कुणी काय बोलणार?

मला याचा आनंद व्हायला हवा, आणि झालाही. पण सुखानं झोप लागावी असा नाही. समतेच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या कॉटखाली होते. त्यांच्यावरच आम्ही झोपत होतो. तरी आईला एका कामातून सुटायला दुखऱ्या गुडघ्यांनी घाट उतरावा लागला, आणि गोत्र न मानणाऱ्या माणसाच्या बायकोला काश्यप गोत्र घेऊन पाणी सोडावं लागलं. ती थकून बसायची, ते डोळ्यांसमोर होतं. आम्ही पाट्या वाचत होतो.

म्हणून एक विनंती आहे. हे वाचून मान डोलावू नका, कुणाला पाठवूही नका. उद्या सकाळी तुमच्या घरातलं ते माणूस उठायच्या आधी उठा आणि चहा ठेवा. साखर कुठे आहे ते विचारू नका, डबे उघडून शोधा. उतू गेला तर शेगडीही पुसा. आणि परवाही उठा.