वीस किलोंवरचं पाणी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या खुनातला चाकू विहिरीत सापडला आणि कोणत्या खुनातला कोयता नाल्यात, हे सांगताना मी हल्ली चुकतो. हे एक प्रकरण मात्र तपशिलासकट लक्षात आहे, कारण ज्या चोरीचा मी तपास केला ती चोरी झालेलीच नव्हती.

मी तेव्हा जबलपूरला पोलीस उपअधीक्षक होतो. शहरात अमली पदार्थविरोधी अभियान सुरू होतं. सकाळी शाळकरी मुलांची रॅली, दुपारी नशामुक्तीची शपथ, संध्याकाळी आढावा बैठक. शपथेच्या वेळी पहिल्या रांगेतले दोन अधिकारी फक्त मान डोलावत होते, कारण तोंडात गुटखा असताना शपथ घेणं अवघड जातं. बैठकीच्या खोलीत एक फलक होता. कोणत्या ठाण्याने किती ‘मोठ्या कारवाया’ केल्या ते त्यावर रोज लिहिलं जाई.

मोठी कारवाई म्हणजे काय, ते सांगायला हवं. गांजाच्या बाबतीत कायद्याने वीस किलोंवर एक रेघ ओढली आहे. माल तिच्या वर गेला की ती ‘व्यावसायिक मात्रा’. किमान दहा वर्षांची शिक्षा, आणि जामीन जवळजवळ विसरायचा. रेघेच्या आत असला तर जामिनाची आशा असते आणि शिक्षा किती द्यायची याची न्यायाधीशाला मोकळीक. फलकावर जागा मिळे ती फक्त रेघेच्या वरच्यांना.

अशात एका ठाण्याच्या उपनिरीक्षकाला खबर मिळाली की छत्तीसगडकडून येणाऱ्या बसमधून एक माणूस गोणीत गांजा घेऊन शहराच्या अलीकडे उतरणार आहे. खबर खरी निघाली. भाड्याने ओझी वाहणारा एक मजूर गोणीसह सापडला. पंच बोलावले, वजन झालं, मोबाइलवर चित्रीकरण झालं. माल एकवीस किलोंच्या वर भरला. गोणी कापडात शिवून, लाखेचं सील लावून मालखान्यात, म्हणजे जप्त मुद्देमाल ठेवायच्या खोलीत, जमा झाली. आठवड्याभरात समारंभ झाला. उपनिरीक्षकाला प्रशस्तिपत्र आणि भेडाघाटच्या संगमरवराचं स्मृतिचिन्ह मिळालं. ते एकट्याने उचलता येत नव्हतं, म्हणून फोटोत तिघे दिसतात.

पुढे ऐन उन्हाळ्यात माल दंडाधिकाऱ्यांसमोर नेला. जप्त मालाची मोजणी आणि नमुने त्यांच्या समोर व्हावे लागतात. काट्यावर गोणी ठेवली आणि ती अठरा किलोंच्याही खाली भरली.

त्या दिवशी संध्याकाळी मालखान्याचा हवालदार निलंबित झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो पेपरात होता. निवृत्ती तोंडावर आली होती. चोरी सिद्ध झाली असती तर नोकरी, पेन्शन, सगळंच गेलं असतं. मूळचं वऱ्हाडातलं मराठी कुटुंब, अधारतालला छोटं घर, एक मुलगी लग्नाची. चौकशी माझ्याकडे आली.

गोणीवरचं सील शाबूत होतं. सील तुटलेलं असतं तर चोर बाहेरचा धरला असता. ते शाबूत होतं, म्हणून चोर घरातला ठरला. मालखान्याची किल्ली हवालदाराकडे, सील मारायचा पितळी शिक्काही ठाण्यातच. त्याने उघडून, काढून पुन्हा सील मारलं असणार, असं वरचं मत होतं. ज्या गोष्टीने माणूस सुटायला हवा, तिनेच तो अडकला होता.

मी त्याला बोलावलं. तो उभाच राहिला.

“बसा.”

“निलंबित माणूस काहून बसेल, साहेब?”

“मी सांगतोय म्हणून बसा. गोणीला हात लावला होता?”

“लावला ना. उचलून पेटीवर ठेवली. त्याच्याबाद पाहिलीसुद्धा नाही. साहेब, त्या खोलीत चोरायचंच असतं तर गांजा काहून चोरीन? तिथं चांदी हाय, मोबाइल हाय. गांजाचा तर वास दहा घरं सांगत फिरते.”

युक्तिवाद बरा होता, पण युक्तिवादाने कुणी बहाल, म्हणजे पुन्हा कामावर रुजू, होत नाही.

त्याच दिवशी एक खबऱ्या स्वतःहून हजर झाला. हवालदाराला अधारतालमध्ये गांजा विकताना आपण पाहिलं, असं त्याचं म्हणणं.

“कशात होता गांजा?” मी विचारलं.

“थैले में, साब.”

“कुठल्या रंगाचा थैला?”

त्याने माझ्या टेबलावरच्या हिरव्या कापडाकडे पाहिलं. “हरा.”

“नीट आठव. लाल तर नव्हता?”

“हाँ साब, लाल ही था. धूप में हरा दिख रहा था.”

त्याला मी चहा पाजून घरी पाठवलं. खबऱ्या हा दुकानदार असतो. गिऱ्हाईक काय मागतंय याचा अंदाज घेऊन तो माल काढतो. पेपरातला फोटो पाहून त्याला वाटलं होतं की बाजारात सध्या हवालदाराला मागणी आहे.

या सगळ्या काळात माझ्या खोलीत एक मुलगी बसलेली असे. कायद्यावर पीएच.डी. करत होती. अमली पदार्थांचा कायदा पोलीस ठाण्यात प्रत्यक्षात कसा राबतो, हा विषय. प्रबंधाचं नाव इतकं लांब होतं की परवानगीच्या कागदावर ते दोन ओळींत मावलं नाही आणि कारकुनाने मधला भाग गाळला. अर्थ बदलला नाही. मुख्यालयाने तिला परवानगी दिली, पण कुठे बसवायचं ते ठरवलं नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. मराठीच कुटुंब, मदन महलला राहणारं. इतरांसमोर ती मला ‘सर’ म्हणे, चहा आला की ‘काका’.

विद्वानांविषयी मला फार आदर नाही. चर्चासत्रांत मी बसलो आहे. तिथे शाल-श्रीफळात निम्मा वेळ जातो आणि उरलेल्या निम्म्यात पहिला वक्ता वेळेअभावी थोडक्यात बोलतो. पण ही मुलगी बोलत कमी होती आणि प्रश्न सरळ विचारत होती.

खबऱ्या गेल्यावर ती म्हणाली, “काका, एक विचारू? तुम्ही सगळे दुसरं वजन चूक आहे असं धरून चाललाय.”

“मग?”

“पहिलं बरोबर होतं हे कोणी ठरवलं? मी जिथे जिथे बसते ना, तिथे एकच गोष्ट बघते. छाप्यात माल कमी भरला तर कोणाला वाईट वाटतं? ॲक्च्युअली, हवालदाराला तर काहीच फरक पडत नव्हता.”

“हे तुमच्या प्रबंधात आहे?”

“प्रबंधात हेच तीस पानांत आहे.”

“मग तीस पानं राहू द्या. एवढंच ठेवा.”

ती हसली. मी उठलो आणि मालखान्यात गेलो.

मालखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची खोली. उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नाही. हवालदाराने गोणी ज्या पेटीवर ठेवली होती ती कुठल्याशा घरफोडीतली लोखंडी पेटी. धूळ झटकली तर झाकणावर गोणीच्या आकाराचा ताजा गंज होता. चारी कडांना रंग जसाच्या तसा, मधोमध तांबडा चट्टा. गोणीच्या तळाच्या कापडावर तसेच तांबडे डाग, आणि आतला तळचा माल बुरशीने काळा पडून ढेकळं झालेला. म्हणजे गोणी आली तेव्हा चिंब होती. पत्र्याखाली कापडातून ती आठवडेच्या आठवडे सुकत राहिली. जे तीन-साडेतीन किलो चोरीला गेले होते, ते वाफ होऊन छपरातून निघून गेले होते.

कुणी म्हणेल, पाणी तस्करांनीच मारलं असेल, वजन वाढवायला. तसंही घडतं. म्हणून मी आरोपीच्या अंगझडतीतल्या वस्तू मागवल्या. त्याचा एक सदरा आणि रोट्या बांधलेला पंचा त्याच गोणीत, मालाच्या वर ठेवलेला होता. पकडल्यावर आधी ते बाहेर काढले, मग वजन झालं, असं पंचनाम्यातच लिहिलं होतं. ओल्या मालावर बसमधून रात्रभर आलेल्या कपड्यांना हिरवट डाग आणि बुरशी असायला हवी. सदऱ्याला इस्त्री नसली तरी तो स्वच्छ होता. म्हणजे सदरा काढला तेव्हा माल कोरडा होता आणि काट्यावर चढला तेव्हा ओला. चित्रीकरण पाहिलं, तर ते काट्यापासूनच सुरू होत होतं.

छाप्याच्या गाडीवरच्या शिपायाला बोलावलं. मी त्याच्यावर ओरडलो नाही. ओरडणाऱ्या साहेबापुढे शिपाई चटकन दगड होतो. मी फक्त विचारलं, “पाणी कुठून आणलं?”

त्याला वाटलं, मला सगळं माहीत आहे. “ढाबे से, सर. दो बाल्टी.”

“कशाला?”

“साहब बोले, धूल बहुत उड़ रही है, छींटे मार दो.”

“दोन बादल्यांचे छींटे?”

“धूल बहुत थी, सर.”

शेवटी उपनिरीक्षक. हुशार मुलगा, नीटनेटका गणवेश. मी टेबलावर सदरा ठेवला आणि पेटीचा फोटो ठेवला.

“सर, माल तो था ना. आदमी भी सही था. झूठा केस तो नहीं बनाया.”

“नाही बनवला. वजन किती होतं खरं?”

“अठारह के आसपास.”

“मग अठरा का नाही लिहिलं?”

“सर, अठारह से क्या होता है? मीटिंग में अठारह कोई पूछता भी नहीं.”

खोटं बोलताना लोक नजर चुकवतात असं वाचकांना वाटतं. या मुलाने हे वाक्य माझ्या डोळ्यांत पाहून म्हटलं. ते खरंच होतं.

वरिष्ठांना सगळं सांगितलं. त्यांनी एक सुटसुटीत मार्ग काढला. “‘उन्हाळ्यामुळे नैसर्गिक घट’ असं लिहून टाका. हवालदार सुटेल, एकवीस किलोंची केसही शाबूत राहील. सगळेच खूश.”

मार्ग खरोखर सुटसुटीत होता. त्यात एकच माणूस मोजलेला नव्हता. तो मजूर निर्दोष नव्हता. अठरा किलो त्याने आणलेच होते. पण दहा वर्षांचा हिशेब ज्या मालावर लागणार होता, त्यातलं पाणी आमचं होतं.

मी हवालदाराला बोलावून दोन्ही बाजू समजावल्या. त्याने हात जोडले. “साहेब, घटच लिहा. त्या माणसाचं मले काय करायचं हाय? पाण्याचं लिहिलं तर समदे तुमच्या मागं लागतील अन् माझा कागद इकडून तिकडं फिरत राहील. रिटायरमेंटलेही निलंबितच राहीन मी.”

त्याची भीती खोटी नव्हती. म्हणून मी दोन अहवाल केले. पहिला एका पानाचा: सील उघडलेलं नाही, मालखान्यातून काहीही गेलेलं नाही, हवालदार निर्दोष. तो स्वतः घेऊन गेलो आणि बहालीच्या आदेशावर सही होईपर्यंत साहेबांच्या समोर खुर्चीत बसून राहिलो. त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. मला कुठेही जायचं नव्हतं. आदेश हातात पडल्यावर दुसरा अहवाल पाठवला. त्यात पाणी, सदरा, पेटी, दोन बादल्या, सगळं होतं, आणि तो सरकारी वकिलांमार्फत न्यायालयात पोचेल अशी व्यवस्था केली होती.

साहेब माझ्याशी बरेच दिवस फक्त कागदावर बोलले. उपनिरीक्षकाची चौकशी लागून त्याची पोलीस लाइनला, म्हणजे ठाण्याबाहेरच्या बिनकामाच्या जागी, बदली झाली. संगमरवर कोणी परत मागितला नाही. तो परत आणायला पुन्हा तिघे लागले असते. मजुराला शिक्षा झाली, त्याने जे आणलं होतं तेवढ्याची. आणि माझ्या विभागात मी नियम केला की चित्रीकरण गोणी उघडण्याआधी सुरू व्हायचं. पुढच्या आढाव्यात विचारणा झाली, “तुमच्याकडे मोठ्या कारवाया एकदम कमी का झाल्या?”

मी म्हणालो, “साहेब, माल तेवढाच आहे. कोरडा आहे.”

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचारतात. कायदा एक आकडा लिहितो, आणि तो आकडा सभागृहात बसलेल्यांना निव्वळ आकडा वाटतो. खाली येईपर्यंत त्याचा फलक होतो, फलकाची बैठक होते, बैठकीची भीती होते, आणि शेवटी कुणीतरी ढाब्यावरून बादली आणतो. त्यात दुष्ट माणूस एकही लागत नाही. त्या मुलीने हेच तीस पानांत लिहिलं आहे. ती पानं मी नंतर वाचली. बरी आहेत.

पण एवढ्यावर संपलं नाही. बहालीनंतर काही दिवसांनी हवालदार घरी आला. आभार मानायला आला असेल असं वाटलं. तो म्हणाला, “साहेब, कागद मिळाला. पण पेपरात निलंबनाचा फोटो आला होता, बहालीचा नाही आला. गल्ली काही आदेश वाचत नाही. पोरीले पाहाले येणारे पाहुणे रस्त्यातूनच वापस गेले. तुम्ही एकदा वर्दीत चहाले या. बस.”

थाटामाटाची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. त्या रविवारी मात्र कडक इस्त्रीचा गणवेश घातला, सगळी पदकं लावली, सरकारी गाडी काढली आणि चालकाला सांगितलं, अधारतालच्या गल्लीत हळू चल. खुर्च्या अंगणात मांडायला लावल्या. बायका दारात आल्या, माणसं कोपऱ्यावर थांबली. हवालदाराची बायको आतून म्हणाली, “साहेब, ऊन लागून राहिलं, आत बसा ना.”

मी म्हटलं, “नाही वहिनी, इथेच बरं आहे.”

आणि दुसरा कप मागितला.