बारा जणांचा भात

हे लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफ करा. आमच्या घरात माझ्याआधी लिहिणं म्हणजे सही, आणि फार तर भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचे खाडे. कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि तिथेही शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा. शिवाय जे सांगणार आहे ते अर्धंसुद्धा माझं नाही. ते दोन बायकांचं आहे आणि दोघींपैकी एकीलाही मी आधी विचारलं नव्हतं. तरी लिहितो, कारण न लिहिता ते डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला मराठीच्या पेपरात एक कादंबरी होती. कोकणातल्या एका कुटुंबाची. म्हातारे सासरे, तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, अशी बारा माणसं एका चुलीवर जेवणारी. शेवटाकडे घराची वाटणी होते. कादंबरी शिकवून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता परीक्षेसारखं उत्तर नको. एक पात्र निवडा आणि त्याच्या तोंडून दोन पानं लिहून आणा."

बहुतेकांनी धाकटा भाऊ घेतला. तो घर सोडून शहरात जातो, त्याचं दुःख लिहायला सोपं. मी थोरली सून घेतली. पुस्तकभर तिला नावसुद्धा नाही, नुसती "थोरली". बोलतेही फार थोडं. खरं सांगायचं तर मला वाटलं, बोलत नाही म्हणजे लिहायलाही कमी पडेल.

पहिल्या खेपेला मी लिहिलं, "माझे पती शेतावर गेले असता मी एकटीच विचार करीत बसले." मॅडमनी "पती" भोवती गोल केला आणि विचारलं, "तुमच्या घरी असं कोण म्हणतं रे?" वर्ग हसला. मीही हसलो. पण कर्जतहून कशेळ्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसल्यावर तो गोल काही डोळ्यांपुढून हलेना. आमच्या घरी काय म्हणतात? आई बाबांना काय म्हणते? वीस वर्षं त्या घरात राहून मला पटकन आठवेना.

त्या दिवसापासून मी कान देऊन ऐकायला लागलो. शेजारणीशी बोलताना बाबा म्हणजे "ह्ये". माझ्यावर चिडली की "तुझा बापूस". आणि बाबांवरच चिडली की "आमचं रसायनीवालं", कारण बाबा रसायनीच्या कारखान्यात पाळीवर जातात. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो. आईच्या लक्षात आलं. म्हणाली, "काय रं, माझ्यावर केस घालतोस काय?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं आणि कादंबरीच वाचून दाखवायला घेतली. रविवारी दुपारी ती मोड आलेले वाल सोलत बसायची आणि मी वाचायचो. आईला पुस्तकातली माणसं पुस्तकातली वाटेनात. जीपमधून उतरलो की ती विचारायची, "त्या मधलीचा ताप उतरला का?" मी म्हणायचो, पुढचं अजून वाचलं नाही. "मग वाच की. तापाचं असं अर्ध्यावर ठेवू नये."

असं करत आम्ही वाटणीच्या प्रकरणाला आलो. त्यात एक जागा आहे. चुली वेगळ्या होतात आणि त्याच दुपारी थोरली आपल्या चुलीवर बारा जणांचा भात टाकते. लेखकाने लिहिलं आहे की सवयीने तिचा हात चालला.

"लेखक बाप्या हाय ना?" आईने विचारलं.

"हो."

"वाटलंच. भात टाकताना बाईचा हात चालत नाय रं, डोकं चालतं. तिनं मुद्दाम टाकला."

"कशाला?"

"टोमना मारायला. बघा म्हनावं, मी अजून सगळ्यांचं करते, तुमी खुशाल वेगळं व्हा."

मी वही ओढली आणि लिहायला लागलो. मला वाटलं, थोरली सापडली. लिहून वर बघितलं, तर आईचे हात थांबले होते.

इथे मला आमच्या घराचं सांगायला हवं. आमचं आणि मोठ्या काकांचं घर एकाच कौलाखाली आहे. मी पाचवीत असताना वाटणी झाली. आधी मधे कुडाचा आडोसा घातला, मग विटांची भिंत आली. काका आणि बाबा बांधाचं, बियाण्याचं बोलतात. पण काकांची बायको, जिला मी मोठी आई म्हणायचो, ती आणि आई एकमेकींच्या ओट्यावर पाय ठेवत नाहीत. भांडण असं कधी ऐकलं नाही. आई तिला "पलीकडची" म्हणते. मी तर हळूहळू काहीच म्हणेनासा झालो. समोर आली की हसतो आणि चपला शोधतो.

"आपल्या वाटनीच्या दिवशी पन आलेला," आई म्हणाली.

"काय?"

"भात. आमी पडवीत तीन दगड मांडून चूल केलेली. लाकडं ओली. माझा भात खालून करपला, वर कच्चा. तेवढ्यात पलीकडचीनं पोरीच्या हातात टोप भरून भात पाठवला. म्हनली, जास्तीचा झाला. मला वाटलं, मला शिकवती. तुला साधा भात येत नाय, आनि निघाली वेगळी व्हायला. मी त्याच पोरीच्या हातात टोप परत दिला."

मला तो दिवस अर्धवट आठवत होता. आम्ही त्या दुपारी चुरमुरे खाल्ले होते, एवढंच. मला ती मजा वाटली होती.

"मग आता काय वाटतं तुला? टोमणाच होता?"

आईने सोललेले वाल एका बाजूला केले. "ते तिलाच ठावं. दहा वर्सं झाली, मी रोज भात टाकताना इचार करते. टोमना असंल तर मी बरोबर केलं. आनि खरंच जास्तीचा झाला असंल, तर मी लेकराच्या हातात भरला टोप परत दिला." मग म्हणाली, "आता कोन इचारनार?"

मी विचारणार नव्हतो. तेवढी हिंमत माझ्यात नाही. मी फक्त थोरलीची दोन पानं पुन्हा लिहिली. यावेळी तिचा भात पलीकडे जातो आणि परत येतो. कादंबरीत तसं नाही. ते मी घातलं. थोरली "ह्ये" म्हणते, "आमी" म्हणते. भात मुद्दाम टाकला, असं ती कबूल करते. पण टोमण्यासाठी टाकला की कशासाठी, हे मला ठरवता येईना. म्हणून शेवटी लिहिलं, "पातेलं परत आलं तेव्हा झाकण मी लगेच उघडलं नाही." आणि तिथेच थांबलो.

मॅडमना ते आवडलं. त्यांनी विचारलं, "भित्तिपत्रकाला लावू?" मी मान डोलावली. आपलं काही कुठे लागणार याचाच आनंद एवढा होता की ते कोण कोण वाचेल हे सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाबाहेरच्या फळ्यासमोर माझी चुलतबहीण उभी दिसली. मोठ्या आईची मुलगी, त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. तो भरला टोप आणणारी आणि परत नेणारी पोर म्हणजे हीच. ती वाचत होती आणि वाचता वाचता तिने मोबाईल काढून फोटो घेतला.

मी तिथूनच मागे फिरलो. आता हे घरी जाणार. पलीकडे म्हणतील, आमची भांडी कॉलेजच्या भिंतीवर मांडली. आणि आईला कळलं तर? ती मला एकट्याला सांगून बसली होती. कागद काढून घ्यावा असं दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा तिथे कोणीतरी वाचत उभं होतं. आठवडाभर मी बहिणीला टाळलं. तिची जीप सुटली की मी पुढची धरायचो. घरी भिंतीला कान लावला तर पलीकडे नुसते मालिकेचे आवाज.

शेवटी तिनेच मला कर्जतच्या जीप थांब्यावर गाठलं. "पळतोस काय रं? बस इथं." मी बसलो. जीप भरायला अजून चार माणसं हवी होती.

"मी आईला वाचून दाखवलं," ती म्हणाली.

"रागावली?"

"दोनदा वाचायला लावलंन. काल भांडी घासताना म्हनली, त्याला सांग, पातेलं नव्हतं. टोप होता, जर्मनचा. लिवायचं तर नीट लिव म्हनावं."

मी हो म्हणालो.

"आनि मी काय तुमच्या दोन घरांची पोस्टमन हाय काय? तेव्हा पन मीच, आता पन मीच." ती हसली. मग बॅग मांडीवर घेऊन माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या आईला सांग म्हनली. टाकला तो चुकून. सगळ्यांचाच टाकला गेला. मग कुडातून करपल्याचा वास आला. तेव्हा पाठवला तो मुद्दाम."