मागच्या चाकाचं फ्रीव्हील

नवी बेलबॉटम घालून मुलगी बघायला सायकलवर निघालो आणि सात रस्त्याजवळ मागच्या चाकाचं फ्रीव्हील गेलं. पायडल फिरत होतं, चाक ढिम्म. कडुलिंबाखालच्या सायकलवाल्यानं चाक काढलं, जुनं फ्रीव्हील ठोकून सोडवलं आणि नवं कानाशी धरून त्याची टिकटिक ऐकत बसला.

"लवकर करा हो, पाचला पोचायचंय."

"कुटं? कुणाकडं?"

घाईत मी सगळं सांगून टाकलं. त्यानं आटे पुसून फ्रीव्हील बसवलं, चेन चढवली आणि "जरा चालवून बघतो" म्हणत टांग टाकून गेला तो गेलाच. साडेपाच झाले. माझा इस्त्रीचा शर्ट घामानं भिजला.

अखेर आला, मिशी पुसत.

"लई झकास चालतंय! त्यांच्या दारापतूर जाऊन आलो. म्हटलं, पावनं येत्यात, सायकल मोडलीया. चहा दिला की त्यांनी. पोरगी हसरी हाय. जावा आता."

लग्न ठरलं. त्याला पत्रिका द्यायला गेलो, तेव्हा लक्षात आलं, आम्ही एकमेकांचं नावही विचारलं नव्हतं. पाकीट कोरंच दिलं. त्यानं तेलकट हात पायजम्याला पुसून ते घेतलं.

"जमणारच व्हतं," तो म्हणाला. "मी तुमच्याबद्दल लई चांगलं सांगितलं व्हतं."