पडले आणि पडेन

माझ्या माहेरी दूध उतू जायच्या आधीच उतू गेलेलं असायचं. पातेलं गॅसवर ठेवून आईची पाठ वळली की तिच्या तोंडून निघायचंच, "गेलं, गेलं दूध." दूध बिचारं अजून कोमटही झालेलं नसे. वडीलही त्यातलेच. बारामतीहून दौंडमार्गे पुढे कुठे जायचं असलं की गाडीच्या तासभर आधी आम्हाला घेऊन स्टेशनवर पोचायचे, रिकाम्या रुळांकडे बघायचे आणि म्हणायचे, "चुकली गाडी." मग गाडी यायची, आम्ही खिडकीजवळ बसायचो, आणि ते नव्याने सुरू व्हायचे, "दौंडहून पुढची गाडी गेली आता." आमच्याकडे पेपर द्यायच्या आधी मुलं नापास झालेली असत, पाहुणे यायच्या आधी रुसून गेलेले असत, आणि साध्या शिंकेचा न्यूमोनिया झालेला असे. एवढ्या संकटांतून रोज धडधाकट बाहेर पडणारं दुसरं घर बारामतीत नसेल.

अशा घरातली मुलगी पुढे मराठीची शिक्षिका झाली आणि मुलांना काळ शिकवायला लागली. माझं लग्न इंदापूर तालुक्यात झालं. सासरची वस्ती सोलापूर हायवेपासून जराशी आत, उसात दडलेली. तिथून पाच-सहा किलोमीटरांवर, पळसदेवच्या बाजूला, एका हायस्कुलात मला नोकरी लागली. फळ्यावर मी लिहायचे, 'पाणी उतरले, देऊळ दिसले.' हा भूतकाळ. 'पाणी उतरेल, देऊळ दिसेल.' हा भविष्यकाळ. धरणाच्या काठची मुलं ती, पाणी उतरल्यावर कुठलं देऊळ दिसतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. ती लगेच शिकली. बाईंनाच ते यायचं राहून गेलं होतं, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

नोकरी तात्पुरती होती. कायम करायचं की नाही हे वर्ष संपताना ठरणार होतं. आणि नेमकं त्याच वर्षी, सहामाहीच्या सुमाराला, एस्टीचं वेळापत्रक बदललं. साडेनऊची गाडी पावणेअकराची झाली आणि आमची प्रार्थना साडेदहाला. सातची जलद गाडी आमच्या फाट्यावर थांबत नसे. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नसे. पंधरा दिवसांत मी नऊ वेळा उशिरा पोचले. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "बाई, दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रार्थनेला तुम्ही हजर पाहिजेत. नाहीतर मला दुसरी व्यवस्था बघावी लागेल."

मी घरी येऊन जाहीर केलं, "नोकरी गेली."

हे कारखान्यात पहिल्या पाळीला, सकाळी सहालाच घर सोडायचे, त्यामुळे मला पोचवणं यांना जमणार नव्हतं. म्हणून यांनी कारखान्यातल्या कुणाची तरी जुनी मोपेड घरी आणली. पायडल मारून सुरू करायची, करड्या रंगाची, खोकणारी. माझे सासरे, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची, तिच्याभोवती एक फेरी मारून आले. आबा तरुणपणी मेंढरं घेऊन दरसाल दिवाळीनंतर कोकणाच्या अंगाला जायचे. घोडीवर संसार, मागे मेंढरं, पुढे कुत्री. मग कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. घोडीही गेली, पण जनावराची पारख राहिली. त्यांनी मोपेडच्या सीटवर हात फिरवला आणि निकाल दिला, "शिंगरू हाय. जरा नाचंल, पर खोडीचं न्हाय."

पहिले तीन दिवस संध्याकाळी हे माझ्यामागे कालव्याच्या भरावावरून पळाले. मी सहा वेळा पडले. एकदा उसात, एकदा शेणाच्या ढिगात, आणि चार वेळा नुसतीच, काही कारण नसताना. सासूबाई दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि त्यांच्या कडेवरची माझी दोन वर्षांची लेक टाळ्या वाजवायची. चौथ्या दिवशी यांनी हात टेकले. "तुला गाडी शिकवण्यापेक्षा गाडीला तुझ्याशिवाय चालायला शिकवणं सोपं आहे," असं म्हणून आत जाऊन झोपले. मला इतका राग आला की रडूही येईना.

तेव्हा आबा उठले. काठी भिंतीला लावली, धोतर वर खोचलं आणि म्हणाले, "चल पोरी. मी येतो."

आबांनी जन्मात इंजिनाला हात लावला नव्हता. वय सत्तरीच्या पुढे. पण ते पळाले नाहीत, माझ्या बाजूने नुसते झपझप चालले, घोडीशेजारून चालावं तसे. मी दोनदा पडले. दोन्ही वेळा त्यांनी मला उठवलं, मग गाडी उठवली. तिसऱ्यांदा मी पडले तेव्हा मात्र बांधावर बसले आणि मलाही बसायला सांगितलं.

"पडायच्या आदी तू काय म्हंतीस?"

"काही नाही."

"म्हंतीस. 'पडले' म्हंतीस. आन मग पडतीस."

"पडणारच असते म्हणून म्हणते ना, आबा."

"न्हाय. आदी तू म्हंतीस, मग हात ढिलं सोडतीस, आन मग शिंगरू आडवं हुतं. मी तिनी वेळा बघितलं. एकदा पडलं म्हटल्यावर मानूस हात कशाला आवळंल?"

मी काहीतरी तिखट बोलणार होते. मी बी.ए., बी.एड., आणि आबा अंगठा उठवणारे. पण आबा समोरच्या उसाकडे बघत पुढे बोलत राहिले.

"आमी मेंढरं घिऊन हिंडायचो ना, तवा डोळ्यानं दिसल्याबिगर 'लांडगा आला' असं कुनी म्हनायचं न्हाय. 'यील' म्हनायचं. 'यील' म्हटलं की मानूस काठी हुडकतो. 'आला' म्हटलं की पळतो, आन मेंढरं फुटत्यात. तवा पडाय लागलीस तर 'पडंन' म्हन."

"आणि पडले तर?"

"मग 'पडले' म्हन की. झाल्यालं झालं म्हनाय काय हरकत हाय?"

मी फळ्यावर दहा वेळा लिहिलेली गोष्ट मला कालव्याच्या बांधावर कळत होती, आणि ज्यांना भूतकाळ हा शब्द माहीत नव्हता ते मला ती सांगत होते. मला खरं तर लाज वाटायला हवी होती. मी चिडले. चिडूनच गाडीवर बसले, पायडल मारलं, आणि हँडल डुगडुगायला लागताच दात आवळून म्हटलं, "पडेन."

हात सुटले नाहीत. 'पडेन' म्हटल्यावर पुढचा विचार आपोआप आला, की मग काय करू? आणि ते सुचेपर्यंत गाडी चार हात पुढे गेली. पुन्हा डुगडुगली. "पडेन." पुन्हा सरळ झाली. मग मी नामजप लावल्यासारखं "पडेन, पडेन, पडेन" करत वळणाच्या बाभळीपर्यंत गेले. शेजारच्या रानात उसाला पाणी देत दारं धरणाऱ्या माणसाने फावड्यावर रेलून आबांना विचारलं, "सूनबाई काय म्हनत्यात वो?"

"पाढं म्हनत्यात," आबा म्हणाले. "मास्तरीन हाय."

त्या रात्री जेवताना मला हसू आवरेना. यांना कारण सांगितलं तर हे म्हणाले, "म्हणजे आमची मेहनत फुकट गेली." मी म्हटलं, "जाईल म्हणा."

मग तो खेळच झाला. सुट्टीचे दिवस होते आणि मी माझी सगळी वाक्यं तपासायला घेतली. दिवसभरात मी इतक्या गोष्टी आधीच घडवून टाकते हे मला माहीतच नव्हतं. आभाळ भरलं की कपडे भिजले. लेक जिन्याकडे गेली की पडली. यांना यायला अर्धा तास उशीर झाला की जे मनात यायचं ते इथे लिहिणार नाही, पण तेही भूतकाळातच असायचं. दुधाजवळ उभी राहून मी मुद्दाम म्हणायला लागले, "जाईल." आणि माझ्या लक्षात आलं की 'जाईल' म्हटलं की हात गॅसच्या बटणाकडे जातो. 'गेलं' म्हणायचे तेव्हा मी चमचा हातात धरून ते जाताना बघत उभी राहायचे. एवढी वर्षं, एवढं दूध.

एकदा 'जाईल, जाईल' म्हणत होते आणि दूध खरोखरच ओट्यावरून खाली ठिबकायला लागलं. आबा दारातून म्हणाले, "आता गेलं म्हन. खोटं नगं."

भीती गेली असं मात्र समजू नका. ती माझ्या आईच्या दुधातूनच आलेली, अशी कशी जाईल. ती होती तिथेच होती. पण ती आता पुढे उभी असायची, पाठीवर बसलेली नसायची. त्यामुळे निदान तिच्याकडे बघता यायचं. भाऊबीजेला बारामतीला गेले तेव्हा मोठ्या उत्साहाने आईला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वडिलांकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरगी बिघडली."

सुट्टी संपली. हायवेवर मी तोवर एकदाही गेले नव्हते. कालव्यावर समोरून फार तर शेळी यायची, आणि हायवेवर ट्रक. त्यातच कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या रस्ताभर. सोमवारी सकाळी नऊ वाजता मी पदर कमरेला घट्ट खोचला, डबा हँडलला अडकवला आणि फाट्यावर आले. आबा काठी टेकत माझ्यासोबत आले होते. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर दोन-तीन माणसं बसली होती, ती सरसावून बसली.

"येते आबा," मी म्हटलं. बाईमाणसाने घरातून निघताना जाते म्हणायचं नसतं, हे तर आमच्या बारामतीच्या घरातही पाळायचे.

"ये," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

मी पायडल मारलं. गाडी खोकली, मग लागली. डांबरावर आले. शंभरेक पावलं गेले असेन, तोच मागून उसाची ट्रॉली आली. एवढ्या जवळून गेली की उसाच्या शेंड्याचं एक वाढं माझ्या दंडाला घासलं आणि वाऱ्याने गाडी डावीकडे फेकली गेली. चाक डांबरावरून खाली मातीत उतरलं. हँडल वेडंवाकडं व्हायला लागलं. आणि मागून, सगळ्या आवाजांवर, एक खणखणीत रानातला आवाज आला.

"पडली! आरं पडली, माझी पोर पडली!"

मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर खरंच पडले असते. हात आवळले, पाय मातीला लावला, एक हिसका देऊन गाडी पुन्हा डांबरावर घेतली आणि छाती फुटेल एवढ्या जोरात ओरडले, "पडेल म्हणा, आबा!"

टपरीवरची माणसं हसल्याचं ऐकू आलं. पुढचे पाच किलोमीटर मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्याने असेल असं मी स्वतःला सांगितलं, पण वाऱ्याने नव्हतं. मला माझ्या बापाने कधी 'माझी पोर' म्हटलं नव्हतं. त्याच्या जिवाला काळजीतून तेवढी उसंतच मिळाली नव्हती.

प्रार्थनेला मी हजर होते. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं, माझ्या पदरावरची माती बघितली आणि नुसती मान हलवली. वर्ष संपताना कायम झाल्याचं पत्र हातात पडलं. पण ते नंतर.

त्या दिवशी संध्याकाळी परत आले तर आबा फाट्यावरच, बाभळीखाली. मला बघून उठले आणि काठीने उगाच गवत चाळवत म्हणाले, "शेळीला पाला बघाय आल्तो." त्यांच्या हातात पाल्याची एक काडी नव्हती. टपरीवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सकाळधरनं बसल्यात, बाई. भाकरी बी हितंच मागवली. फटफटीचा आवाज आला की उठत्यात, 'आली, आली' म्हनत्यात, मग बसत्यात. आजच्या दिसात तुमी पन्नासदा आलाय."

गाडी बंद करून हाताने ढकलत त्यांच्या शेजारून वस्तीकडे चालत निघाले. थोडं गेल्यावर आबांनीच विषय काढला.

"सकाळी चुकलं माजं."

"मला कळलं."

"आपल्यापुरतं 'पडंन' म्हनाय सोपं. दुसऱ्याचं लेकरू असलं की जीभ ऐकत न्हाय."

"दुसऱ्याचं कुठं, आबा?" मी म्हटलं. "सकाळी तर माझी पोर म्हणालात." त्यांची चाल जरा मंदावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर ते पुन्हा आले. मी पदर खोचला आणि म्हटलं, "येते, आबा."

त्यांनी मान हलवली. "येते नगं. आले म्हन."

"अजून गेलेही नाही. तुम्हीच तर सांगितलंत, झालं नाही ते झालं म्हणू नये."

"ते लांडग्याचं," आबा म्हणाले. "घरला यायचं हाय, त्याला आदीच 'आले' म्हन. मला दिसभर हितं बसाय नगं."

मी पायडलवर पाय ठेवला. समोरून ट्रॉल्यांची रांग येत होती, सहा किलोमीटर जायचं होतं, सात तास शिकवायचं होतं आणि सहा किलोमीटर परत यायचं होतं.

"आलेच, आबा," मी म्हटलं. आबा वळले आणि वस्तीकडे चालायला लागले.