घोड्यांचा चारा

आमच्या वाचनालयातले शिपाईकाका रोज मोताळ्याहून एसटीने येतात. कपाटं पुसून झाली की युरोपातल्या जुन्या राजांच्या लढायांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक उघडतात आणि ओळीखाली बोट सरकवत, ओठ हलवत वाचतात. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून अडलं की मला विचारतात.

"ताई, राजा एवढी फौज घेऊन निंघाला. घोड्यायले चारा कोनं देल्ला?"

वाटेवरच्या गावांनी, मी सांगितलं. धाकानं.

"लिवलं काऊन नाही मंग?"

परवा सचिव कोणी न नेलेली पुस्तकं रद्दीत काढायला आले. नोंदवहीत या पुस्तकापुढे एकही नाव नव्हतं, कारण इथे शिपायाला सभासद होता येत नाही.

"हे गोरे राजे इथं कोन वाचते बे?" सचिव हसले.

काकांनी नोंदवही ओढून स्वतःचं नाव लिहिलं. सचिवांनी ते शांतपणे खोडलं. काका ते रोज वाचतात हे मला माहीत होतं, तरी मी गप्प उभी राहिले. त्या रेघेचा संताप अजून जात नाही.

सचिव गेल्यावर मी पुस्तक माझ्या नावावर घेऊन काकांना दिलं.

"त्यायच्यासमोर घ्याचं होतं, ताई," ते म्हणाले आणि त्यांनी फडकं उचललं.