कूस बदलायची तीन मिनिटं

सात नंबरची बस स्टेशनवरून निघायची आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या फाटकापाशी जाऊन वळायची. गिरणीला टाळं लागून अकरा वर्षं झाली होती, तरी पाटीवर सूतगिरणी आणि लोकांच्या तोंडीही सूतगिरणीच. शहरच तसं होतं, धड मोठं नाही, धड लहान नाही. स्टेशनवर शिंकलेल्या माणसाला संध्याकाळी गिरणीपाशी कोणीतरी विचारायचं, "सर्दी उतरली का?" आणि तोच विचारणारा कचेरीच्या खिडकीमागे बसला की मान वर न करता म्हणायचा, "नाव सांगा."

सातवर कंडक्टर बाई होती. बेचाळीसची, किडकिडीत, आवाज मात्र असा की शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस चूक नसताना दचकून तिकीट दाखवायचा. "पुढे सरका, पुढे सरका! पुढे काय वाघ बसलाय?" हे दिवसातून चाळीस वेळा, एकाच सुरात. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे लोकही तिला ताई म्हणत. ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. मामा बोलत नसे. "हं" हा त्याचा होकार, नकार आणि शिवीसुद्धा.

परतीच्या फेरीत पाण्याच्या टाकीचा थांबा आला की बस तीन मिनिटं उभी राहायची. वेळापत्रकात तिथे अर्धंच मिनिट होतं. पण समोरच्या गल्लीत दुसरं दार ताईचं होतं आणि दारामागे तिचे बाबा होते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून ते पलंगावर. एकच शब्द शिल्लक राहिला होता: "बरं." भूक लागली, बरं. दुखतंय, बरं. माशी बसली, बरं.

डॉक्टर म्हणाले होते, "दर दोन तासांनी कूस बदलायची. विसरलात तर कातडी जाईल, मग मांस." सातची फेरी पावणेदोन तासांची. नशिबाने तेवढं एक जुळवून दिलं होतं. पैशांची पिशवी मामाच्या मांडीवर टाकून ताई उतरायची, गळ्यातल्या दोरीच्या किल्लीने कुलूप काढायची. गुडघा दुमडायचा, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, "चला बाबा, एक, दोन, आणि..." पाठीशी उशी. चार चमचे पाणी. कुलूप. पदराला हात पुसत परत बसमध्ये.

बसला हे सगळं ठाऊक होतं. पहिल्या बाकावरच्या पिशवीवाल्या काकू विचारायच्या, "उशी नीट लावलीस ना गं?" नवखा कोणी कुरकुरला, "बस का थांबलीय?", की अख्खी बस साक्षीला उभी.

"इंजिन तापलंय."

"छे, पंक्चर आहे."

"दोन्ही आहे हो, घाई असेल तर उतरा नि ढकला!"

मामा गंभीर चेहऱ्याने इंजिनाचं झाकण उघडून आत बघायचा. "हं."

तिसऱ्या बाकावर मास्तर बसत. हायस्कुलातले गणिताचे, निवृत्त. अर्धी बस त्यांच्या हातची छडी खाल्लेली, ताईसुद्धा. रोज वाचनालयात जायचे आणि दर आठवड्याला पेपरला पत्र लिहायचे: गटार तुंबलं, कुत्री वाढली, पालिकेच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाचा खून झाला. एकदा काकू त्यांना म्हणाल्या, "मास्तर, कधीतरी चांगलंही लिहा की! सारखं काय नाक मुरडायचं?"

मास्तरांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या रविवारी, चौकटीत, बसच्या फोटोसकट छापून आलं: 'माणुसकीचा थांबा'. "महोदय, ज्या काळात मुलगा बापाला ओळखत नाही, त्या काळात आमच्या शहराची सात क्रमांकाची बस एका लेकीसाठी थांबते," अशी सुरुवात होती. पुढे मास्तरांमधला गणिती जागा झाला होता. "दिवसाला पाच फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटे, वर्षाचे तीनशे दिवस. म्हणजे गेल्या तीन वर्षांत या शहराने एका आजारी जिवासाठी सुमारे दोनशे पंचवीस तास अर्पण केले आहेत."

त्या दिवशी ताईच्या दारात रांग लागली. "पेपरात आलीस!" "आता सत्कार होणार बघ!" बाबा प्रत्येकाला म्हणाले, "बरं." ताई वरवर हसत होती. ताकाला जाऊन तीन वर्षं भांडं लपवलं होतं, आणि मास्तरांनी ते चौकात नेऊन वाजवलं होतं.

सोमवारी डेपोत साहेबांनी बोलावलं. टेबलावर कात्रण, त्यावर लाल रेघ.

"वैयक्तिकरीत्या मला तुमच्याबद्दल आदर आहे, बाई. खरं सांगतो, वाचताना डोळे पाणावले." साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "परंतु पाणावलेल्या डोळ्यांनी फाईल वाचता येत नाही. वरून फोन आला."

"साहेब, तीन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"तीन? दोनशे पंचवीस तास, बाई. छापून आलंय. मी काय करू?"

"मग टाकीवरून जाणारी दुसरी कुठलीही द्या."

"टाकीवरून सातच जाते."

मामाला लेखी ताकीद मिळाली आणि ताईला बारा नंबर, नदीपलीकडच्या कारखान्यांचा रस्ता. पहाटे सहाला निघायचं, दुपारी तीनला घरी.

"आम्ही आहोत ना!" हे शहराचं आवडतं वाक्य. काकू म्हणाल्या, शेजारीण म्हणाली, दुधवाल्याची बायको म्हणाली. किल्ली शेजारणीकडे राहिली. पहिले चार दिवस इतक्या जणी आल्या की बाबांना धड एका कुशीवर झोप मिळेना. मग एक ना धड, भाराभर चिंध्या. हिला वाटलं ती गेली असेल, तिला वाटलं ही. शेजारीण म्हणाली, "मी गेले होते गं अकराला, पण पुरुषमाणूस, जड... एकटीने हलले नाहीत. नुसतं पांघरूण नीट केलं."

भाऊ लांब, मोठ्या शहरात. त्याचा रविवारी फोन आला. "अगं, पेपरात आलंय! मला ग्रुपवर कोणीतरी पाठवलं. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. काय वाटलं म्हणून सांगू!"

"माझी बदली झाली, दादा."

"मग एक बाई ठेव ना."

"दोन ठेवून झाल्या. टिकल्या नाहीत."

"तिसरी बघ. असं हातपाय गाळून कसं चालेल?"

बारावर तिला कोणी ओळखत नव्हतं. कामगार चढायचे, झोपायचे, उतरायचे. वाघाचं वाक्य तिने दोनदा म्हणून बघितलं, कोणी हसलं नाही. पावणेदोन तास झाले की हात आपोआप गळ्यातल्या किल्लीकडे जायचा आणि रिकाम्या छातीवर आपटून परत यायचा.

बाबांच्या माकडहाडापाशी आधी लाल डाग आला. मग बटणाएवढं सोललं. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी बघितलं आणि आवाज खाली आणला. "बोट जाईल एवढं खोल आहे. रात्रंदिवस कूस बदलणारं माणूस असेल तर घरी ठेवा. नसेल तर उद्याच दाखल करा."

बाबांनी ते ऐकलं. चालता हात तिच्या बाहीला लागला, तो सुटेना. झटक्यानंतर दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हाच माणूस उंबरा दिसल्यावर लहान पोरासारखा रडला होता. ताईने एकेक बोट सोडवलं.

त्याच संध्याकाळी मास्तर आले. ते महिनाभर मुलीकडे होते, सकाळीच परतलेले. काखेत कागदात गुंडाळलेली चौकट होती. भेट म्हणून कात्रण काचेत मढवून आणलं होतं. ती द्यायला सातमध्ये चढले, तर कंडक्टर दुसरा. उरलेलं काकूंनी सांगितलं. ते दारातच उभे राहिले.

"मी चांगल्या हेतूने..."

"हो मास्तर. आत या."

"हिशोबही चुकला नव्हता माझा."

"नव्हता मास्तर."

बारा नंबरमध्ये रोज येता-जाता तिने या क्षणासाठी वाक्यं घासून ठेवली होती. एकेक असं की मास्तरांची शेंडी पेटावी. पण मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांचा खालचा ओठ थरथरायला लागला. मग तिनेच पाणी आणलं. तिनेच म्हटलं, "तुमची काय चूक?" या शहरात रागावायचीही सोय नव्हती. आज ज्याच्यावर ओरडाल, तो उद्या तुमच्याच बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसणार.

मास्तरांना एकदम बळ आलं. "मी दुसरं पत्र लिहितो! जाहीर खुलासा! साहेबांच्या नावानिशी!"

"नको!"

आवाज बसमधला निघाला. बाबांचे डोळे उघडले, मास्तरांच्या हातातला पेला हिंदकळला.

"लिहू नका मास्तर," ती हळू म्हणाली. "ती उशी द्या इकडे."

दोघांनी मिळून बाबांना वळवलं. पट्टी सरकली तसा वास आला. मास्तरांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला, अर्ध्यात थांबला, परत आला. त्यांनी तोंडाने श्वास घेतला आणि उशी धरून ठेवली.

"उद्यापासून हे कोण करणार?"

"वॉर्डातली नर्स. चाळीस खाटांना एक."

मास्तरांचे ओठ हलू लागले. ताईला दिसत होतं, पण अडवायच्या आत त्यांचा चेहरा उजळला. "चाळीस त्रिक एकशेवीस मिनिटं. दोन तास! बरोबर बसतंय गं!"

बसत होतं. नर्सने सुया दिल्या नाहीत, पाणी प्यायली नाही, दिवसा-रात्री खाली बसलीच नाही, तर बरोबर बसत होतं.

"हो मास्तर," ताई म्हणाली आणि पलंगाखालची पिशवी ओढून त्यात बाबांचे दोन सदरे भरायला लागली.