मोहाखालचा फ्लेक्स

चिचगडच्या बाजूला, जंगलाला लागून आमचं गाव आहे. त्या गावातली मी पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते आणि सांगताना लाजत नाही. बाबांनी तर गोंदियाहून फ्लेक्सच छापून आणला होता. काळा गाऊन, चौकोनी टोपी, हातात गुंडाळी. गाऊन स्टुडिओवाल्याचा, गुंडाळी कोऱ्या कागदाची, पण डिग्री माझी. वर ठळक अक्षरांत 'आमच्या गावची पहिली पदवीधर कन्या, हार्दिक अभिनंदन!' आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. त्यांत शेजारच्या काकीचा नवराही होता, मिशांसकट. हा फ्लेक्स आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेला होता आणि येणारा-जाणारा तो वाचल्याशिवाय पुढे जात नसे.

मोह फुलायच्या जरा आधी गोंदियाहून एक साहेब आले. शाळेच्या ओसरीवर त्यांनी 'वसुंधरा वाचवा' असा हिरवा बॅनर बांधला आणि सभा घेतली. ऊन वाढलंय का? वाढलंय. पाऊस वेळेवर येतो का? नाही येत. इथवर गावाचं एकमत होतं. मग साहेबांनी विचारलं, "याला जबाबदार कोण?" आणि सभेला रंग चढला.

"गोंद्याचे राईस मिलवाले," एक जण म्हणाला.

"एसीवाले. थंडी आपल्या घरात ठेवतेत अन् गरम हवा आमच्याकडं सोडतेत."

"अमेरिका," पेपर वाचणारे एक आजोबा म्हणाले.

तेवढ्यात मागून काकी उभी राहिली. "साहेब, तुमची गाडी बाहेर कवाची घुरघुर करून राहिली. कायले चालू हाये ते?"

गाडीत एसी लावून ड्रायव्हर झोपला होता. साहेबांनी एक माणूस तिकडे पिटाळला. "अरे, बंद करवाओ भाई गाडी!"

साहेब जरा घामाघूम झाले आणि त्यांनी आमच्यावर डाव उलटवला. "आणि मोहाखाली आग कोण लावतं?"

विकायला म्हणून आम्ही वेचतो ती मोहाची फुलं पहाटे गळतात आणि त्याच दिवसांत जंगलभर पानंही गळतात. पाचोळ्यात फूल दिसत नाही. म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करायची, ही आमच्याकडची रीत. कधी ती आग जंगलात शिरते. लावतं सगळं गाव, पण त्या दिवशी लावणारा एकही सापडेना.

"आमी नाही लावत बाप्पा," कुणीतरी म्हणालं. "लागते."

मला राहवलं नाही. पदवीधर माणसानं अशा वेळी बसून राहायचं म्हणजे काय? मी उठले आणि म्हणाले, "जबाबदार आपणच आहोत. यंदा आमच्या मोहाखाली काडी पडणार नाही!"

टाळ्या पडल्या. साहेबांच्या सगळ्यांत मोठ्या. बायकांच्या घोळक्यात आई बसली होती, तिचे हात पदरातच होते.

घरी आल्यावर ती म्हणाली, "झाल्या टाळ्या?"

"झाल्या."

"मंग घे खराटा."

आमचं झाड नाल्याच्या काठावर. माझं कॉलेजचं एसटीचं भाडं त्याच झाडानं दिलं होतं, त्यामुळे आईपुढे मला तोंड नव्हतं. तिनं माचिस कमरेला खोचली आणि अट घातली. "एक दिवस माहे फुलं पाचोळ्यात गेले, का मी काडी लावतो. तुह्या साहेबाले तूच सांगजो मंग."

फुलं गळू लागली आणि मी झाडायला लागले. भूगोलात मी कॉलेजात पहिली होते, पण एका मोहाला इतकी पानं असतात हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. संध्याकाळी चकाचक करावं तर पहाटे पुन्हा गादी अंथरलेली. बाजूच्या झाडाखालून काकीच्या आगीचा धूर आणि काकीचा आवाज एकदमच यायचे. "काय वो ग्रॅज्युएट बाई, कॉलेजात हेच शिकवतेत का?"

तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली. आईनं माचिस काढली आणि कानाजवळ खुळखुळवली.

मग मी डोकं चालवलं. जुनी लुगडी जोडून शिवली आणि झाडाखाली पसरली. फुलं लुगड्यांवर पडली, पाचोळा खालच्या खाली राहिला, वर पडलेली पानं हातानं सारली की फुलं मोकळी. पण नाल्याकडचा उतार उघडाच होता आणि फुलं तिथंच जास्त पडत होती. लुगडी संपली. घरी आल्यावर आई दर्शनी भिंतीकडे बघू लागली.

"नाही," मी म्हणाले.

"म्या काई म्हटलं का?"

"मग बघून काऊन राहिली?"

माचिस पुन्हा खुळखुळली.

खिळे मीच उपटले. उतारावर फ्लेक्स पसरला, पण पालथा. म्हटलं, निदान तोंड तरी जमिनीकडे राहील. दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं बघितलं आणि मान हलवली. फुलं फिकट, मागची बाजू पांढरी, काही दिसेना. तिनं एका झटक्यात मला उताणी केली. "तुह्या काळ्या झग्यावर पाह्य आता."

आईचं खरं होतं. गाऊनवर फूल न् फूल उठून दिसत होतं. मी गुडघ्यावर बसून माझ्याच नाकावरचं, माझ्याच दातांवरचं फूल वेचत होते, तेवढ्यात काकी आली.

"माह्या नवऱ्याच्या टकुऱ्यावर पाय देऊन राहिली वो तू!"

मी पाय काढला. काकी खाली वाकली, नवऱ्याच्या मिशांवरची दोन फुलं उचलून तिनं हातात चोळून पाहिली आणि हळूच स्वतःच्या टोपलीत टाकली. "राख नाही लागत वो याइले," ती म्हणाली.

चार दिवसांत गावातले फ्लेक्स दिसेनासे झाले. वाढदिवसाचे गेले, ट्रॅक्टरच्या जाहिरातीचा गेला, निवडणुकीला उभं राहू पाहणारा एक भावी उमेदवार दोन तुकड्यांत दोन झाडांखाली गेला. धूर मात्र कमी झाला.

मग साहेब ओसरीवर राहिलेला त्यांचा बॅनर न्यायला आले. "बॅनर कुठाय? कौन जिम्मेदार है?"

सगळ्या गावानं माझ्याकडे बघितलं. एकदा जबाबदारी घेतली की ती कायमची आपल्या नावावर चढते. मी उठणार, तोच काकी म्हणाली, "आपुनच जबाबदार हावो ना साहेब. तुमीच टाळ्या वाजवल्या."

ती त्यांना तिच्या झाडाखाली घेऊन गेली, मागून आम्ही सगळे. वसुंधरा उताणी पडली होती, तिच्यावर टोपलीभर फुलं. साहेबांनी मोबाईल काढून फोटो घेतला, मग त्यांना कर्तव्य आठवलं. "पण फ्लेक्स प्लास्टिकचा असतो. पर्यावरणाला घातक आहे हे."

"मंग छापला कायले?" आई म्हणाली.

साहेब हसले, आणि बॅनर तिथंच ठेवून गेले. त्यांची गाडी या वेळी बंद होती, हेही लिहायला हवं.

फुलं संपली त्या सकाळी बाबांनी फ्लेक्स झटकला. माझं तोंड चिकट तपकिरी झालेलं, टोपीवर मुंग्या. बाबा म्हणाले, धुऊन पुन्हा लावू. आई म्हणाली, घडी करून ठेवा, पुढच्या वर्षी लागंल. मग तिनं कमरेची माचिस काढली. सगळ्या काड्या जशाच्या तशा होत्या. ती माझ्याकडे फेकून म्हणाली,

"घे. चाय मांड."